हद्दी आणि नाकी

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गावर, सुरतेच्या अलीकडे, पलसाणा तालुक्याची हद्द लागते. कडोदरा, चलथाण ही त्यातली गावे आज कापड रंगविणाऱ्या आणि छापणाऱ्या कारखान्यांच्या धुराड्यांवरून ओळखू येतात. शंभर वर्षांपूर्वी हा मुलूख ओळखला जाई तो हद्दींच्या गुंतागुंतीमुळे. पलसाणा गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील नवसारी प्रांताचा तालुका. त्याच्या पूर्वेस बारडोली आणि पश्चिमेस चोऱ्याशी, हे दोन्ही तालुके मात्र इंग्रजांचे. त्या काळच्या नकाशात दोन राज्यांचे रंग असे एकमेकांत मिसळलेले दिसतात की, बैलगाडीने बाजाराला निघालेला शेतकरी सकाळी एका राज्यातून निघून दुपारी दुसऱ्या राज्यात पोचत असे.

अशा ठिकाणी हद्द ही केवळ रेघ राहत नाही. बडोद्याचा बाबाशाही रुपया निराळा आणि इंग्रजी रुपया निराळा. दोहोंमध्ये वटाव सांगणारा सराफ बसलेला. विसाव्या शतकाच्या आरंभी बाबाशाही नाणे बंद झाले, तोवर हा व्यवहार चालला. संस्थानांतून आगगाडी नेताना रुळांखालच्या जमिनीच्या पट्ट्यावरील न्यायाधिकार इंग्रज सरकार सामान्यतः आपल्याकडे घेई. म्हणजे परक्या राज्याच्या पोटातून ठरल्या नियमांनी चालणारी एक अरुंद वाट काढली जाई. आणि हद्दीचा आसराही होता. 1930 साली, कायदेभंगाच्या चळवळीत, जप्त्यांना कंटाळून बारडोली तालुक्यातले हजारो शेतकरी गुरेढोरे घेऊन शेजारच्या बडोद्याच्या हद्दीत जाऊन राहिले. लोक त्याला हिजरत म्हणत. ज्या रेघेने रोजचा व्यवहार अडत होता, तिनेच त्या दिवसांत संसार वाचविले.

1949 साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, 1960 साली गुजरात राज्य झाले, आणि पलसाण्याभोवतीच्या त्या रेघा पुसल्या. तथापि त्याच पलसाण्यातील कारखान्यात आज कामाला असलेल्या खानदेशी कामगाराच्या खिशात तशाच रेघांनी भरलेला एक नकाशा आहे. त्याच्या मोबाइलमध्ये पंधरावीस ॲप असतात, आणि त्यातले प्रत्येक ॲप स्वतंत्र संस्थानासारखे आपल्या हद्दीत कोंडलेले असते. पगार झाला की नंदुरबार किंवा धुळ्याकडच्या गावी पैसे पाठविताना या संस्थानांना एकमेकांशी बोलावे लागते. ते किती बोलावे आणि काय बोलू नये, या प्रश्नाला साठ वर्षांहून अधिक इतिहास आहे.

आरंभी हद्द नव्हतीच. संगणक एका वेळी एकाच माणसाचे काम करी, तेव्हा भिंत घालायची कोणासाठी? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत 1961 साली एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत प्रथम दाखविली गेली, आणि त्याबरोबर शेजारही आला. त्या यंत्रावर 1966 साली घडलेला एक प्रकार फर्नांडो कोर्बातो यांनी पुढे आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात सांगितला. एक व्यवस्थापक सर्वांसाठीची दैनिक सूचना लिहीत होता आणि दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. मजकूर-दुरुस्तीची आज्ञावली दोघांचीही एकच, आणि तिचे तात्पुरते टिपण ठेवण्याची जागाही एकच. दोन टिपणांची अदलाबदल झाली. त्यानंतर जो जो यंत्रावर आला, त्याला दिवसाच्या सूचनेच्या जागी सर्वांचे परवलीचे शब्द वाचावयास मिळाले. त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. दोन कामांची चूल एक होती, इतकेच.

यातून भिंती आल्या. पण त्या माणसामाणसांत. यंत्रावर रामाच्या फायली गोविंदाने पाहू नयेत, याचा बंदोबस्त झाला. रामाने चालविलेल्या दहा आज्ञावल्या मात्र रामाच्या सर्व फायलींना हात लावू शकत. 1969 साली जन्मलेल्या युनिक्सची हीच रीत होती, आणि तिच्यामुळे त्या पद्धतीला मोठे बळही आले. 1973 साली युनिक्समध्ये डग मॅकिलरॉय यांच्या कल्पनेतली नळी आली. एका आज्ञावलीतून निघालेला मजकूर थेट दुसरीच्या तोंडात पडू लागला. लहान लहान आज्ञावल्या जोडून मोठे काम करण्याची ती कला आजही तज्ज्ञांच्या कौतुकाचा विषय आहे. सगळी आज्ञावली विश्वासू असेल तोवर ही एकत्र कुटुंबाची पद्धत सुखाची होती.

ती कोठे फसते, हे नॉर्म हार्डी यांनी 1988 साली एका छोट्या लेखात दाखविले. लेख दोनचार पानांचाच; पण या विषयावरील अनेक जाडजूड ग्रंथांपेक्षा त्याने अधिक शिकविले, असे म्हणावयास हरकत नाही. एका संगणक-कंपनीत भाषांतर करणारी एक आज्ञावली होती. आपल्या वापराची आकडेवारी लिहिता यावी म्हणून तिला कंपनीच्या खास कपाटात लिहिण्याचा अधिकार दिलेला होता. त्याच कपाटात ग्राहकांच्या बिलांची वहीही होती. ग्राहक या आज्ञावलीला काम देताना ‘निष्कर्ष अमुक फायलीत लिही’ असे सांगू शकत असे. एकाने त्या जागी बिलांच्या वहीचेच नाव सांगितले. ग्राहकाला त्या वहीला हात लावण्याचा अधिकार नव्हता, आज्ञावलीला होता. तिने मुकाट्याने वही पुसून त्यावर निष्कर्ष लिहिला. हार्डी यांनी या आज्ञावलीला गोंधळलेला कारभारी म्हटले. कारभारी चोर नव्हता. आपण आता कोणाच्या अधिकाराने वागत आहोत, धन्याच्या की समोरच्या पक्षकाराच्या, हे त्याला कळत नव्हते. अधिकार माणसाच्या अंगावर चिकटविण्यापेक्षा तो प्रत्येक कामाबरोबर, चिठ्ठीसारखा, वेगळा द्यावा, हा विचार डेनिस आणि व्हॅन हॉर्न यांनी 1966 पासूनच मांडला होता. आणि प्रत्येक कामास लागेल तेवढाच अधिकार द्यावा, हे तत्त्व साल्ट्झर आणि श्रोडर यांनी 1975 साली स्पष्ट शब्दांत सांगितले. विद्यापीठांत ते शिकविले जाई. बाजाराला त्याची घाई नव्हती.

बाजाराला हवी होती ती सरमिसळ. 1990 नंतर घरोघरी आणि कचेऱ्यांतून पसरलेल्या संगणकांत एका आज्ञावलीतील तक्ता दुसरीच्या पत्रात बसविता येऊ लागला; टपालाची आज्ञावली दुसऱ्या आज्ञावलीच्या हुकमाने पत्रे धाडू लागली. कारकुनांचे काम खरोखरच हलके झाले. 4 मे 2000 रोजी फिलिपाइन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ या विषाणूने याच सोयीचा उपयोग केला. प्रेमपत्राच्या वेषातली जोडफाईल कोणी उघडली की ती टपालाच्या आज्ञावलीतील पत्त्यांची वही वाची आणि त्यातील प्रत्येकाला आपली नक्कल पाठवी. काही दिवसांत जगातले लक्षावधी संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. वास्तविक विषाणूने एकही कुलूप फोडले नव्हते. पत्त्यांची वही वाचण्याची आणि पत्र पाठविण्याची मुभा कोणत्याही आज्ञावलीला होतीच.

मग बंदोबस्त आला, आणि तो कसा आला हे पाहण्याजोगे आहे. त्याच टपाल-आज्ञावलीच्या सुधारणेने कित्येक प्रकारच्या जोडफाईली सरसकट अडविल्या; आणि दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीने पत्त्यांना हात लावला की ‘एक आज्ञावली आपले पत्ते पाहू इच्छिते, परवानगी द्यावयाची काय?’ असा प्रश्न पडद्यावर येऊ लागला. प्रामाणिक आज्ञावल्यांनाही तो प्रश्न लागू होता. दिवसातून पुष्कळ वेळा विचारलेल्या प्रश्नाला माणूस न वाचताच ‘होय’ म्हणतो. नाक्यावरचा शिपाई प्रत्येक गाडी अडवून तेच तेच विचारू लागला, तर गाडीवान उत्तर पाठ करतो. प्रश्न विचारणे आणि संरक्षण करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा या क्षेत्राने वारंवार गिरविला आणि वारंवार विसरला.

2008 साल हे या इतिहासातले वळण. त्या वर्षी आयफोनवर बाहेरच्यांची ॲप येऊ लागली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. दोन्हींनी जुनी एकत्र कुटुंबाची रीत टाकून दिली. अँड्रॉइडने तर युनिक्सची माणसामाणसांतली भिंतच उचलून ॲपांमध्ये घातली: प्रत्येक ॲपला यंत्र आता वेगळा माणूस समजू लागले, आणि एकाच्या फायली दुसऱ्याला दिसेनाशा झाल्या. ज्या हद्दीत ॲपने खेळावे तिला इंग्रजीत मुलांच्या वाळूच्या हौदाचे नाव मिळाले. ॲपांनी एकमेकांना काम सांगावे यासाठी अँड्रॉइडने आरंभापासून ‘इंटेंट’ नावाची चिठ्ठी ठेवली होती. ‘हा पत्ता नकाशावर दाखवा’ एवढेच त्या चिठ्ठीत असे. कोणी दाखवावा हे फोनचा मालक ठरवी. आयफोनचा कारभार अधिक कडक होता. पहिल्या दोन वर्षांत एका ॲपमधला मजकूर उचलून दुसऱ्यात चिकटविण्याची सोयसुद्धा त्यात नव्हती. ती 2009 साली आली. एका ॲपला दुसऱ्याच्या घरात एखादी खिडकी उघडण्याची मर्यादित मुभा 2014 साली मिळाली. सहा वर्षे लोक कुरकुरत होते. पण त्या काळात आयफोनवर ‘आय लव्ह यू’सारखा उत्पातही झाला नाही, हे त्याच्या पदरी घातले पाहिजे.

भारतात या प्रश्नाला धार आली ती पैशामुळे. मुंबईत 2008 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाने 2010 साली बँकांमधून तत्काळ पैसे पाठविण्याची व्यवस्था सुरू केली. त्या पायावर 11 एप्रिल 2016 रोजी, रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते, यूपीआयचा प्रारंभ झाला. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये एका महिन्यातील व्यवहार 100 कोटींवर गेले. 2023 च्या ऑगस्टमध्ये ते 1,000 कोटींच्या पलीकडे गेले.

यूपीआयमागची कल्पना धाडसी होती. खाते एका बँकेत, ॲप दुसऱ्याच कंपनीचे, आणि वस्तू विकणारे ॲप तिसऱ्याचे. या तिघांत पैशाची गोष्ट व्हावयाची, आणि ती एकमेकांवर आंधळा विश्वास न ठेवता. विक्रेत्याचे ॲप एक चिठ्ठी तयार करते: पैसे कोणाला, किती, कशासाठी. ती चिठ्ठी घेऊन फोन देयकाचे ॲप उघडतो. तेथे नाव आणि रक्कम पुन्हा दिसते, आणि मगच गुप्त अंक विचारले जातात. हार्डी यांच्या कारभाऱ्याची येथे आठवण होते. विक्रेत्याच्या चिठ्ठीत विनंती आहे, अधिकार नाही. अधिकार माणसाच्या बोटांत आहे आणि तो त्या एका रकमेपुरताच खर्च होतो. गुप्त अंक ज्या चौकटीत लिहावयाचे ती चौकट ॲपवाल्या कंपनीची नसून महामंडळाची असते. अंक तेथेच गूढलिपीत बांधले जातात. मात्र ती चौकट त्याच ॲपच्या घरात बसविलेली असते, परक्या वाड्यात भाड्याने घेतलेल्या खोलीसारखी. घरमालकाची पारख आधी करावी लागते, हा या रचनेचा कच्चा दुवा आहे आणि रचणाऱ्यांना तो ठाऊक होता. म्हणून तपासणीशिवाय कोणत्याही ॲपला या व्यवस्थेत प्रवेश मिळत नाही.

हीच चिठ्ठी दोन प्रकारच्या फोनांवर कशी चालते, यात या विषयाचे मर्म आहे. अँड्रॉइडवर ती उघडली की फोनमधल्या देयक-ॲपांची यादी पुढे येते आणि मालक निवड करतो. आयफोनवर एकाच नावाच्या चिठ्ठीवर अनेक ॲपांनी हक्क सांगितला तर ती कोणाकडे जाईल याचा नेमच नाही; म्हणून विक्रेत्यांना प्रत्येक देयक-ॲपच्या स्वतंत्र नावाने हाक मारावी लागते. बरे, फोनमध्ये कोणते ॲप आहे हे आधी पाहून घ्यावे, तर 2015 पासून आयफोनने आणि 2020 पासून अँड्रॉइडनेही त्यावर बंधन घातले: ज्या ॲपांची चौकशी करावयाची त्यांची नावे आधीच जाहीर करावी लागतात. हे बंधन अकारण नव्हे. फोनमध्ये कोणत्या बँकेचे, कोणत्या आजाराचे, कोणत्या धर्माचे, कोणत्या पक्षाचे ॲप आहे, ही यादी मिळाली म्हणजे माणसाची निम्मी कुंडली मिळाली. आणि ती गोळा करण्याचा धंदाच चालू झाला होता. परंतु त्याची किंमतही कोणीतरी देतो. नव्याने निघालेल्या लहानशा देयक-ॲपचे नाव विक्रेत्यांच्या जाहीर याद्यांत नसते, म्हणून गिऱ्हाइकाला ते दिसतच नाही.

परवानग्यांच्या सढळपणाचे फळ या देशाने कर्ज देणाऱ्या ॲपांच्या रूपाने चाखले. पाच-दहा हजार रुपयांचे कर्ज चुटकीसरशी मिळे. अट एवढीच की, ॲपला संपर्कांची यादी, छायाचित्रे आणि संदेश पाहू द्यावेत. हप्ता चुकला की त्या यादीतील आईवडील, मालक, शेजारी, सर्वांना फोन जात. बदलून विद्रूप केलेली छायाचित्रे धाडली जात. या छळाने माणसांनी जीव दिल्याच्या बातम्या अनेक राज्यांतून आल्या. रिझर्व्ह बँकेने 2021 साली नेमलेल्या कार्यगटाला कर्ज देणारी सुमारे 1,100 ॲप आढळली. त्यांपैकी 600 बेकायदा होती. सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या ॲपांना संपर्कांची यादी, फायली, फोनची नोंद यांना हात लावण्यास मनाई केली. कॅमेरा वा ठिकाण यांसारखी परवानगी ओळख पटविण्यापुरती, एकदाच. 2023 च्या मे महिन्याअखेर गूगलनेही आपल्या दुकानातील कर्ज-ॲपांना संपर्क आणि छायाचित्रे बंद केली. कापडगिरणीतील कामगारासारखा, महिनाअखेरीस चणचणीत सापडणारा माणूस हाच या ॲपांचा ठरलेला गिऱ्हाईक होता. ‘त्याने परवानगी दिली होती’ हा त्यांचा बचाव कायद्याच्या दृष्टीने कितीही सोज्ज्वळ असो, जेवणाच्या बदल्यात घराची किल्ली मागणाऱ्याचा तो बचाव होता.

मग सर्व दारे बंद करावीत काय? तसे केले तर काय होते याचे उदाहरण अंध माणसांचे आहे. अंध मनुष्य मोबाइल वापरतो तो दुसऱ्या ॲपांचा पडदा वाचून दाखविणाऱ्या आणि त्याच्या वतीने कळ दाबणाऱ्या ॲपच्या आधाराने. म्हणजे हद्दीतील सर्वांत मोठे दार त्याच्यासाठी उघडे ठेवावे लागते. नेमक्या याच दाराने बँकेचे गुप्त अंक चोरणारी दुष्ट ॲप आत शिरली. 2022 साली अँड्रॉइडने, अधिकृत दुकानाबाहेरून आणलेल्या ॲपांना हे दार सहजी उघडता येणार नाही, अशी व्यवस्था केली. दार काढून टाकले नाही, आणि ते योग्यच केले. काही ॲपवाल्यांना मात्र चोराच्या भीतीने पडदा-वाचकालाच मज्जाव करणे सोपे वाटते. त्यांच्या सावधगिरीची किंमत डोळस माणसाला कधीच द्यावी लागत नाही.

अलीकडच्या वर्षांत सर्वांत समाधानकारक सुधारणा ज्या झाल्या, त्यांत प्रश्न विचारणेच टाळलेले दिसते. पूर्वी एक छायाचित्र पाठवावयाचे तर ॲप संपूर्ण संग्रहाची परवानगी मागे. आता फोनची स्वतःची निवड-चौकट उघडते. मालक एक छायाचित्र निवडतो आणि ॲपच्या हाती तेवढेच पडते. निवड हीच परवानगी. एकवार-परवलीचा अंक वाचण्यासाठी सर्व संदेशांची मुभा देण्याऐवजी, त्या एकाच संदेशापुरती संमती देता येते. 2018 च्या ऑक्टोबरात गूगलने संदेश आणि फोन-नोंदी वाचण्यावर, काही ठरावीक अपवाद ठेवून, बंधन जाहीर केले; त्यानंतर या अरुंद वाटेचा उपयोग वाढला. डेनिस आणि व्हॅन हॉर्न यांची चिठ्ठी खिशातल्या फोनात पोचावयास अर्धे शतक लागले.

नाक्यावर बसणाऱ्याच्या हेतूंकडेही पाहिले पाहिजे. हद्दीचा बंदोबस्त ज्या कंपनीच्या हाती, तिची स्वतःची ॲपही त्याच हद्दीत धंदा करतात. सुरक्षिततेच्या नावाने प्रतिस्पर्ध्याचे दार अरुंद आणि आपले रुंद ठेवण्याचा मोह तिला होतो. युरोपीय संघाने 2022 साली केलेल्या डिजिटल बाजारपेठ कायद्याने, मार्च 2024 पासून, अशा मोठ्या कंपन्यांवर आपली दारे इतरांसही उघडी ठेवण्याचे बंधन घातले. कंपन्यांचे उत्तर असे की, त्यामुळे वापरणाऱ्यांची सुरक्षितता धोक्यात येते. या उत्तरात खरे किती आणि सोयीचे किती, हे प्रत्येक दाराजवळ जाऊनच ठरवावे लागते. आणि जकात घेणारा जेव्हा रस्त्याच्या धोक्यांचे वर्णन करतो, तेव्हा ऐकणाऱ्याने थोडे सावध असावे.

यूपीआयमध्ये मात्र एक गोष्ट आरंभी उलट्या दिशेने ठेवली गेली होती. पैसे हवे असणाऱ्याने दुसऱ्याच्या फोनवर मागणी पाठवावी आणि त्याने गुप्त अंक लिहून ती मान्य करावी, अशी सोय होती. मित्राकडून उसने परत मागण्यास ती उत्तम. ठकांनी तिचा वेगळाच उपयोग शोधला. जुने सामान विकावयास काढलेल्या माणसाला ते फोन करीत, ‘पैसे पाठविले आहेत, अंक लिहा म्हणजे जमा होतील’ असे सांगत, आणि मागणी धाडीत. ॲप, बँक, चौकट सर्व बिनचूक चालत. येथे गोंधळलेला कारभारी आज्ञावली नव्हती. फोन हाती धरलेला माणूसच होता. पैसे येताना गुप्त अंक लागत नाहीत, हे फलकांवरून आणि आकाशवाणीवरून वर्षानुवर्षे सांगितले गेले. अखेर 1 ऑक्टोबर 2025 पासून महामंडळाने व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोय बंद केली. दुकानदार व संस्थांसाठी ती राहिली. कडोदऱ्याच्या कामगाराला आता आपल्या साथीदाराकडे उसने परत मागावयाचे असतील, तर चौकोनी चिन्ह पाठवावे लागते, नाहीतर फोन करून तोंडाने सांगावे लागते.